स्वप्नात जेवणारी बाई

त्या केकच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो मुतायला. सून म्हणते, बाबा, असं लिहू नका, चांगलं दिसत नाही. पण गेलो ते त्याचसाठी, मग दुसरं काय लिहू? मी सातवी शिकलेला माणूस, ट्रक चालवण्यात जन्म गेला. जे झालं ते तसंच सांगायचं, एवढंच मला येतं.

आमच्या हिचं वर्षश्राद्ध उरकलं आणि पोरगा मला अमेरिकेत पार्सिपनीला घेऊन गेला. इथं एकटे बसून काय करणार, म्हणाला. तिथंही एकटाच बसायचो, फक्त गालिच्यावर. पोरगा आणि सून सकाळी ऑफिसला, नात शाळेत. मग मी चालायला निघायचो. तिथले फुटपाथ मध्येच संपतात, बांधणाऱ्याला अर्ध्यात कुणी जेवायला हाक मारल्यासारखे. त्या दिवशी बर्फ पडत होता आणि मला घाईची लागली. समोर दुकानांची एक रांग होती. एक धुलाईचं दुकान, एक बायकांची नखं रंगवायचं, आणि शेवटचं एक, ज्याच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि वाफेमागं पिवळा उजेड. काचेवर कागद चिकटवलेला, त्यावर मराठीत लिहिलेलं, ‘आज स्वप्नात : संत्र्याची साल आणि साय.’ मला वाटलं कुणी वैदू बसलाय.

दार ढकललं तर आतली बाई बोटानं गप्प म्हणाली.

‘हळू जी. केक निजून राहिले.’

साठीच्या आसपासची, काटकुळी, साडीवर पुरुषी स्वेटर, डोक्याला रुमाल. खरंच, खिडकीपाशी फळीवर सात-आठ केक मांडले होते आणि त्यांच्यावर मऊ जुनं पातळ पांघरलं होतं. मी हातानंच माझी अडचण सांगितली. तिनं हातानंच मागचं दार दाखवलं. परत आलो तर वाट अडवून उभी. हातात बशी, बशीत केकचा तुकडा. इथं आलेलं माणूस पहिला घास माझ्यासमोर खाल्ल्याशिवाय जात नाही, म्हणाली. मी खाल्ला. ती गल्ल्यावर कोपरं टेकून माझ्या तोंडाकडं अशी बघत राहिली, जसा एखादा घाटात पुढचं वळण बघतो.

‘कसा लागून राहिला?’

‘भुसा,’ मी म्हणालो.

खोटं नव्हतं. ही गेल्यापासून मला सगळंच भुशासारखं लागत होतं. भात, भाकरी, जिलबी, सगळं. वास नाही, चव नाही. पोटात ढकलायचं आणि पाणी प्यायचं. पण हे त्या बाईला कुठं ठाऊक? मला वाटलं आता हाकलणार. तर तिचा चेहरा उतरला. पिठाच्या पोत्यावर बसली आणि डॉक्टरला विचारावं तसं विचारायला लागली, की गोड कमी आहे का, मीठ कमी आहे का, कडवट आहे का. मी म्हटलं, बाई, मला काही कळत नाही. तरी तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी या म्हणाली. मी गेलो. त्या दिवशी मुतायला लागली नव्हती.

लोक तिला मावशी म्हणायचे. मी बाई म्हणायचो. ती मला भाऊ म्हणायची, आणि दर वाक्याला जी लावायची, कारण मूळची नागपूरची. बहिणीच्या बाळंतपणाला अमेरिकेत आली ती राहिलीच. लग्न केलं नाही. का केलं नाही असं मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाली, कुणी केक खाल्ल्यावर तोंड नीट हलवलंच नाही. नागपुरात शेजारी एक ख्रिस्ती म्हातारी होती, तिनं बाईला लहानपणी कुकरमध्ये वाळू घालून केक करायला शिकवलं. तेव्हापासून केकच. तिच्या दुकानात साधा व्हॅनिलाही असायचा, गोरे लोक तो न्यायचे. पण बाकी सगळं तिचं स्वतःचं. चेरीच्या जागी कोकम घातलेला काळा केक. गाजराच्या केकात जायफळ आणि खवा. तिथल्या निळ्या बेरी आणि वेलदोडा. श्रीखंडाचा एक थर, खाली बिस्किटांचा चुरा. पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं गाड्या लावून आत यायची आणि आधी काचेवरचा कागद वाचायची. रोज तिथं नवं लिहिलेलं असायचं. आज स्वप्नात कैरी आणि गूळ. आज स्वप्नात भाजलेलं खोबरं. आणि एकदा नुसतंच, ‘आज स्वप्नात पाऊस होता, खायला काही नव्हतं.’ त्या दिवशी तिनं फक्त व्हॅनिला विकला.

पोरांना ती गंमत वाटायची. मावशी क्रिएटिव्ह आहेत यार, म्हणायची. आणि घाईतल्या माणसाला ती केक द्यायचीच नाही. एकजण गाडी चालू ठेवून आला होता, तर त्याला म्हणाली, आधी गाडी बंद करून ये बापा, केकला धडकी भरते.

पण तिचं सगळ्यात जास्त नाव कशासाठी होतं, तर ती कधीच चाखत नसे. लोणी फेटताना बोट लावणार नाही, पाक चमच्यानं ओठाला लावणार नाही, भट्टी उघडली की वाफेवर नाक नेणार नाही. नैवेद्याचं करताना आपल्या बायका चाखत नाहीत, वासही घेत नाहीत, उष्टं होतं म्हणून. बाई तर विकायचा केकही तसाच करते म्हटल्यावर लोक हात जोडायचे. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका आपापल्या लेकींना सांगायच्या, बघ, अमेरिकेत राहून केवढं सोवळं. आणि ते ऐकताना बाई खाली मान घालून पोळपाट पुसत बसायची.

मी रोज जायला लागलो. केक सपाट करताना ज्या कडा आणि टोप्या कापतात त्या ती मला बशीत द्यायची आणि तोंडाकडं बघत बसायची. माझं तोंड काही हलायचं नाही. तिला ते फार लागायचं. ‘तुमचं तोंड बंद दुकान आहे जी,’ म्हणायची. मग ती मला आमच्या हिच्याबद्दल विचारायला लागली. म्हणजे ही काय करायची, काय बांधून द्यायची. मी सांगितलं, लांबच्या फेरीला निघालो की दशम्या द्यायची, दुधात भिजवलेल्या, गूळ घातलेल्या, तीन-तीन दिवस टिकणाऱ्या. गोव्याच्या रस्त्याला घाट उतरला की झाडाखाली गाडी लावायची आणि फडकं सोडायचं. बाई ऐकताना डोळे मिटायची. मी बोलायचो तेव्हा भट्टीची ऊब यायची, बाहेर बर्फ आवाज न करता पडायचा, आणि मला मधूनच वाटायचं की मी दुकानात नाही, कॅबिनमध्ये बसलोय, काच पुसली की पलीकडं करूळ घाट दिसणार. दोन दिवसांनी बाईनं गव्हाच्या पिठाचा, दुधा-गुळाचा केक केला. पोरांनी तो उचलून नेला. ट्रकवाल्याचा केक म्हणून तो पुढं कायमचा झाला. मला मात्र भुसाच.

एक दिवस दूध बुडाला लागलं.

ती बासुंदीसाठी दूध आटवत होती. पाठ शेगडीकडं, समोर एका केकवर साखरेच्या पाकळ्या लावत होती. मी बशी घेऊन बसलो होतो. पातेल्यातून धूर निघाला तो मी डोळ्यांनी पाहिला, आणि मी उठेपर्यंत छतावरचं धुराचं यंत्र कोकलायला लागलं. तेवढ्यात एक गोरी बाई आत आली आणि तिनं नाक धरलं. आमच्या बाईनं आधी त्या गोरीच्या नाकाकडं पाहिलं. मग पातेल्याकडं वळली. एवढंच झालं. पण पन्नास वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला कोण कुठं बघून गाडी वळवतो ते कळतं.

गोरी गेल्यावर मी म्हणालो, ‘बाई, तुम्हाला वास येत नाही.’

ती पातेलं घासत होती. घासत राहिली. मग म्हणाली, ‘तुम्हालाही नाही आला जी. तुम्ही धुरावर उठले.’

त्या दुपारी तिनं पहिल्यांदा दार आतून लावलं. सात-आठ हिवाळ्यांपूर्वी, म्हणाली, दुकानासमोरच बर्फावरून घसरली आणि मागचं डोकं आपटलं. शुद्धीवर आली ती वास गमावून. वासाबरोबर चवही गेली, जिभेवर फक्त गार-गरम उरलं. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. कुणाला सांगायचं? वास न येणाऱ्या बाईचा केक कोण घेणार? मग ती वजनकाट्यावर आणि खाणाऱ्याच्या तोंडावर दुकान चालवायला लागली. चाखत का नाही म्हणून एका बाईनं विचारलं, तर आमच्या बाईला काही सुचायच्या आत त्या विचारणारीनंच उत्तर दिलं, नैवेद्यासारखं करता ना मावशी? ही हो म्हणाली. झालं.

‘आणि स्वप्नं?’

‘ती खरी आहेत जी.’ वास गेल्यावर महिनाभर काही नव्हतं, म्हणाली. मग एका पहाटे स्वप्नात आई चिवड्याला फोडणी देत होती आणि सगळा वास आला, मोहरीचा, कढीपत्त्याचा, आईच्या हाताचाही. उठून रडली आणि उठल्या उठल्या कढीपत्त्याची बिस्किटं केली. तेव्हापासून ती झोपेत जेवते. रोज नाही, पण जेवते. जागेपणी हात करतात, खाते मी निजल्यावर, म्हणाली.

मी म्हटलं, मला स्वप्नंही पडत नाहीत. तर म्हणाली, ‘उपाशी झोपत जाऊ नका भाऊ.’

कुणाला सांगणार नाही, असं मी कबूल केलं. तिनं माझ्याकडं शपथ मागितली नाही, आणखी एक कड कापून दिली.

गणपतीत मंडळानं देवाचा केक तिच्याकडंच सांगितला. एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन शनिवारी उत्सव व्हायचा. मोठ्या मोदकाच्या आकाराचा बिनअंड्याचा केक, ओलं खोबरं, गूळ, केशर, आणि लोण्याच्या जागी साजूक तूप, कारण देवाचं. बाई आठवडाभर त्याच नादात होती. ह्या केकाच्या कडा मला नव्हत्या. देवाच्या आधी कुणाच्या तोंडात जायचा नव्हता. मी थट्टेनं म्हणालो, आता तुमचं सोवळं खरं झालं. ती हसली नाही. एवढ्यापुरतं तरी खरं असू द्या जी, म्हणाली.

त्या सकाळी मी लवकर गेलो. ऊन चांगलं होतं. दार उघडं, आत मंडळाच्या चिटणीस बाई आलेल्या, मूळच्या पुण्याच्या, कुठल्याशा कंपनीत पन्नास माणसं हाताखाली. पैठणी नेसून, एका हातात फोन, एका हातात गाडीच्या चाव्या. पीठ कालवून तयार होतं, भट्टी तापली होती, आणि बाई मोठ्या पातेल्यातलं पातळ तूप पिठात ओतायच्या बेतात होती.

आणि मला वास आला.

कसा सांगू? दीड-दोन वर्षांत पहिला वास. मी दारातच उभा राहिलो. तिन्हीसांजेचा वास होता तो. आमच्या घरी तूप जुनं झालं की ही ते खाण्यातनं काढायची आणि देवाच्या निरांजनाला ठेवायची. संध्याकाळी फेरीवरून आलो की ओटीवर पाय ठेवताच तो वास यायचा, जरा उग्र, जरा जुनाट, आणि आतून बांगड्या वाजायच्या. मला वाटलं, ही आतच आहे. आता विचारेल, उशीर केला. असा किती वेळ उभा होतो कोण जाणे.

‘दिव्याचा वास येतोय,’ मी मोठ्यानं म्हणालो. ‘बाई, मला वास आला. आमच्या दिव्याचा.’

चिटणीस बाईंनी फोनमधून मान वर केली. ‘कसला दिवा, काका?’

मला खरंच आनंद झाला होता, म्हणून मी जे होतं ते सांगून बसलो. ‘खवट तुपाचा.’

बोललो आणि मग काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं. बाईचा हात पातेल्यावरच राहिला. तुपाचे डबे उन्हाळाभर भट्टीशेजारच्या फळीवर होते. चिटणीस बाई चार पावलं पुढं आल्या, पातेल्यावर वाकल्या आणि झटकन मागं झाल्या.

‘मावशी, हे तुम्हाला कळलं नाही?’

बाई माझ्याकडं बघत नव्हती. मी सांगितलं असतं, म्हातारा आहे, काहीतरी बरळतो. पण त्या पुणेरी नाकाला आता कोण फसवणार होतं?

‘वास येत नाही मला, पोरी,’ बाई म्हणाली. ‘चवही नाही. फार वर्षं झाली.’

‘म्हणजे ते न चाखणं? सोवळं वगैरे?’

‘सोवळं नव्हतं. भीती होती.’

चिटणीस बाईंनी घड्याळ बघितलं. आमच्या बाईनं रुमाल सोडला, भट्टी बंद करायला हात नेला. किराणावाल्याकडून पेढे घेऊन जा, म्हणाली, देवाला पेढे चालतात. तिच्या आवाजात राग नव्हता. दुकान आवरतानाचा आवाज होता, आणि नुसता त्या दिवसापुरता नाही.

तेव्हा त्या पुण्याच्या पोरीनं चाव्या गल्ल्यावर आपटल्या. दारावरची पाटी उलटी करून बंद केली. पैठणीचा पदर खोचला.

‘ताजं लोणी आहे ना? काढा, तूप कढवू,’ म्हणाली. ‘काका नाक, मी जीभ, मावशी हात. तिघांत मिळून एक धड माणूस होईल.’

बाई म्हणाली, अगं पण उष्टं होईल.

‘देवाला मी बघून घेते.’

बाईनं लोण्याच्या कांड्या पातेल्यात टाकल्या. कालवलेलं पीठ तसंच झाकून ठेवलं, त्यात खवट तूप पडलं नव्हतं एवढं नशीब. लोणी वितळलं, फेस आला, तडतडायला लागलं. मी पातेल्यावर नाक धरून उभा. मला काय कळतंय त्यातलं? जन्मात लोणी कढवलं नाही. फक्त आमच्या घरातला तो वास आठवत होतो, ही शेगडीपाशी असतानाचा. आधी नुसता दुधाचा आला. मग ओल्या लाकडासारखा. बाई दर घटकेला विचारायची, आलं का जी, आणि मी म्हणायचो, नाही. चिटणीस बाईंचा फोन वाजून वाजून थांबला. मग एकदम खमंग असं काहीतरी वर आलं आणि मी म्हणालो, आता. बाईनं शेगडी बंद केली. मी रडलो. उगाच धुराचं नाव सांगत नाही.

केक झाल्यावर मागच्या बाजूनं एक फोड काढली. चिटणीस बाईंनी अर्धी खाल्ली, उरलेली माझ्या हातावर ठेवली. आधी मला मीठ लागलं, चिमूटभर घातलेलं. मग मागून गूळ आला, लांबून कुणी चालत यावं तसा. चिटणीस बाई रुमालानं तोंड पुसत म्हणाल्या, मावशी, झालाय. आणि हे आपल्या तिघांतच राहू द्या, उगाच चर्चा नको. कापलेली जागा त्यांनी खोबऱ्यानं बुजवली.

हॉलमध्ये आरती झाली. माणसं मावत नव्हती. देवापुढं तो केक, वर केशराच्या काड्या. मग कागदी बशा घेऊन रांग लागली, आणि सुरी बाईच्या हातात दिली. मंडळाचे एक जुने काका माईक घेऊन सांगायला लागले, आजचा प्रसाद मावशींनी नेहमीप्रमाणे पूर्ण सोवळ्यात, न चाखता, न हुंगता केलेला आहे, असं आजकाल कुठं बघायला मिळतं वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई सुरी धरून तशीच उभी. चिटणीस बाई लांबून मान हलवत होत्या, नको म्हणून.

बाईनं त्या काकांच्या हातातला माईक घेतला. तो तिनं तोंडापासून फार लांब धरला होता, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

‘चाखलेला आहे जी. दोघांनी चाखला, एकानं वास घेतला. मला वास येत नाही, चव येत नाही, बरीच वर्षं झाली. तुम्ही म्हणत गेले, मी हो म्हणत गेली. ज्याला चालत नसेल त्यानं पेढा घ्यावा, तिकडे ठेवला आहे.’

आणि माईक परत दिला.

रांगेत सगळ्यांत पुढं उभ्या एका आजीनं बशी मागं घेतली. तिच्यामागच्या बाईनंही. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मी पुढं जायला निघालो होतो, म्हणजे भांडायलाच, पण माझ्या आधी माझी नात घुसली. सात वर्षांची, परकर वर धरून, हातात बशी.

‘मावशी, कॉर्नर पीस प्लीज.’

मोदकाला कुठला कोपरा? तरी बाईनं कुठून तरी कोपरा काढून दिला. पोरीनं तिथंच उभ्या उभ्या खाल्ला. बाईनं सुरी खाली ठेवली आणि विचारलं, कसा लागून राहिला, बेटा?

‘नॉट टू स्वीट,’ पोरगी तोंड भरून म्हणाली.

बाईनं माझ्याकडं पाहिलं. ‘म्हणजे काय जी?’

‘गोड बेताचं आहे.’

‘मग बरोबर आहे,’ बाई म्हणाली आणि पुढची बशी घ्यायला हात लांब केला. ती बशी त्या आजीची होती.